सरपणातलं जुनं दार आणि तुमचं पहिलं ऑफिस

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरातल्या एका कोपऱ्यात कामाची जागा कशी उभी करायची ते पाहिलं. वेळेअभावी त्यात जे राहून गेलं, ते इथे लिहितोय.

सुरुवात राळेगणसिद्धीपासून करू. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या जोरात होत्या. यादवबाबांच्या मंदिराचं लाकूडसुद्धा लोकांनी काढून भट्टीत घातलं होतं, असं सांगतात. पुढे अण्णांनी स्वतःच्या पैशातून त्याच मंदिराचा जीर्णोद्धार केला, गाव श्रमदानाला लागलं आणि कुऱ्हाडबंदी आली. झाड तोडायचं नाही म्हटल्यावर घरात असलेल्या लाकडाची किंमत कळते.

आता तुमच्या घरामागच्या सरपणाच्या ढिगात बघा. माळवदाचं घर पाडून स्लॅब टाकला, तेव्हा काढलेलं सागवानी दार तिथेच पडलंय ना? तेच तुमचं टेबल.

मी यावर एवढा जोर का देतो? मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. त्यातले १५ हजार टेबल-खुर्ची-कपाटात घातले, तर कच्च्या मालाला राहिले ३५. हप्ता मात्र पूर्ण ५० हजारांचा! टेबल ऑर्डर आणत नाही हो.

पण जुनं लाकूड डोळे झाकून घरात घेऊ नका. मी घेतलं होतं. आजोबांच्या पलंगाच्या फळ्यांचं रॅक केलं, वर बिलबुकं आणि ऑर्डरच्या वह्या ठेवल्या, आणि पावसाळा संपेपर्यंत वाळवीने अर्ध्या वह्या फस्त केल्या. कोणाकडे किती उधारी होती, ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. म्हणून आधी फळी ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती फळी बाजूला काढा. बारीक भोकं असतील तर खाली कागद अंथरून दोन-तीन दिवस थांबा. ताजा भुसा पडला म्हणजे आत कीड जिवंत आहे. लाकडाचं औषध सिरिंजने भोकात सोडा, नाहीतर फळी सोडून द्या. आणि काही झालं तरी रॅक भिंतीला चिकटवून ठेवू नका.

दुसरा धोका रंगाचा. घरगुती रंगात शिसं किती असावं यावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारून वॉटरपेपरने घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.

आता उंची. बसून लिहायला किंवा लॅपटॉपला टेबल जमिनीपासून २८ ते ३० इंच हवं. कापड बेतायला, पॅकिंगला उभं राहायचं असेल तर साधारण ३६ इंच. दार दोन लाकडी घोड्यांवर किंवा जुन्या ड्रॉवरच्या कपाटांवर ठेवलं की झालं. पॅनलचं दार वरखाली असतं, त्यावर प्लायचा तुकडा टाका. कडी-कोयंडा राहू द्या, छान दिसतो (आणि पिशवी अडकवायला होतो!).

दार नसेल तर पॅलेट. पारनेर तालुक्यातच सुपा एमआयडीसी आहे. अशा वसाहतींच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे विचारा. शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती घ्या. एमबी म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ती नको. तेलाचे, केमिकलचे डाग असतील तरी नको, विशेषतः मसाला-पापडवाल्या ताईंनी.

खुर्चीत मात्र हौस करू नका. आठ तास बसायचं असेल तर जुन्या बाजारातून ऑफिसची चाकाची खुर्ची घ्या. डालडाच्या डब्यावर गादी टाकून केलेलं स्टूल फोटोपुरतं ठीक आहे, पाठ त्याला माफ करत नाही.

सुताराशी रोजावर नाही, ठोक बोला. जुन्या लाकडात खिळे निघत राहतात आणि दिवस वाढतात. त्याला रंधा मारायला बोलावण्याआधी सगळे खिळे स्वतः काढून ठेवा. रंध्याचं पातं तुटलं तर तो खर्च तुमच्याच माथी येतो.