स्नेअर ड्रम डब्यासारखा वाजतोय? नवा घेण्याआधी खालचं हेड बघा

स्नेअर डब्यासारखा वाजू लागला की अनेक जण थेट नव्या ड्रमच्या किमती शोधतात. बहुतेक वेळा दोष हेडचा किंवा ट्यूनिंगचा असतो.

पूर्वी हेड वासराच्या कातड्याचं असे. पावसाळी हवेत ते सैल पडायचं. १९५०च्या दशकात पॉलिस्टर फिल्मची हेड आली आणि ती कटकट मिटली.

वरचं हेड घेताना एका थराचं, १० मिल जाडीचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कोटेड हेड बहुतेकांना पुरतं. जोरात वाजवणाऱ्यांनी दोन थरांचं घ्यावं. ते जास्त टिकतं, पण गुंजतं कमी.

खरी गंमत खालच्या हेडमध्ये आहे, आणि तेच वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. ते जेमतेम ३ मिलचं असतं, म्हणूनच हलक्या ठोक्यालाही तारा थरथरतात. तिथे वरचं जाड हेड बसवलं, तर तारा जवळपास मुक्या होतात.

ट्यूनिंग करताना आधी तारा सुट्या करा. स्क्रू बोटांनी सारखे आवळा, मग चावीने समोरासमोरचे थोडे थोडे फिरवा. प्रत्येक स्क्रूसमोर, कडेपासून इंचभर आत काडी टेकवत ऐका; सूर सगळीकडे एकच हवा. खालचं हेड सहसा वरच्यापेक्षा चढं ठेवतात. तारा सगळ्यात शेवटी, आणि बेतानेच आवळा. फार आवळल्या तर आवाज घुसमटतो.