टक्

“डॅशबोर्ड कुणी खोलला होता का?” काकांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“नाही,” मी म्हणालो. खोटं बोलायचं मनात नव्हतं. आठवलंच नाही, एवढंच. पण त्या एका ‘नाही’पायी आमचा अख्खा दुपारचा वेळ गेला.

दिवा पहिल्यांदा लागला तो जूनमध्ये, कुंभार्ली घाटात. मावशीची तब्येत बरी नव्हती, म्हणून आईला घेऊन कऱ्हाडहून चिपळूणला निघालो होतो. गुडघ्यांमुळं आईला मागच्या सीटवर चढता येत नाही, त्यामुळं ती पुढं बसलेली. दोन वळणं घेतली आणि मीटरमध्ये तो लाल माणूस उगवला. बसलेला, पट्टा बांधलेला, पुढ्यात गोल फुगा. एरवी चावी फिरवली की तो पाच-सहा सेकंद दिसतो, यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि तो विझतो. आता तो विझेना.

परत आलो तेव्हा दिवा गायब. पुढच्या फेरीला पुन्हा हजर. कऱ्हाडात महिनाभर फिरलो तरी नाव नाही आणि चिपळूणचा रस्ता धरला की लागलाच. कुणी घाटातल्या खड्ड्यांना दोष दिला, कुणी कोकणातल्या दमट हवेला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. दिवा विझलेला असला तरी यंत्रणेच्या स्मरणात नोंद होती : प्रवासी बाजूची एअरबॅग, रोध कमी. “बॅगच बदलावी लागेल,” म्हणाले आणि अंदाजपत्रक हातात ठेवलं. आकडा बघून मी गाडी तशीच बाहेर काढली.

शेवटी ऑगस्टमध्ये, घाट उतरून आल्या आल्या, दिवा पेटलेलाच असताना गाडी थेट वायरिंगवाल्या काकांच्या दारात उभी केली. आई सावलीत खुर्चीवर बसली. काकांनी स्कॅनर लावला. तीच नोंद.

“ह्यो दिवा बऱ्याचदा सीटखालच्या पिवळ्या प्लगांमुळं लागतोय,” म्हणत ते आधी तिथं वाकले. सगळं ठाकठीक. मी मदतीच्या उत्साहात मल्टिमीटर पुढं केला, तर त्यांनी तो हातातून काढूनच घेतला. “एअरबॅगला मीटर लावायचा न्हाई. मीटर स्वतः थोडा करंट सोडतोय. बॅगेच्या पोटात ठिणगीची तार हाय.”

मग त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि घड्याळ बघून चहा मागवला. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी बॅग उघडावी, म्हणून यंत्रणा थोडी वीज स्वतःजवळ साठवून ठेवते. ती उतरेपर्यंत हात लावायचा नाही.

चहा पिताना मला जॉन हेट्रिक आठवला. 1952 साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात हा माणूस बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीतून निघाला होता. अडथळा चुकवताना गाडी चरात गेली. त्या क्षणी त्याचा आणि बायकोचा हात आपसूक पुढं गेला, मधे बसलेल्या मुलीला अडवायला. हाताच्या जागी काहीतरी मऊ, क्षणात उघडणारं हवं, हा विचार त्याला सोडेना. 1953 मध्ये त्यानं हवेच्या उशीचं पेटंट घेतलं. आजची बॅग सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आत फुगते. आपल्याकडं पुढच्या प्रवाशासाठी ती नव्या गाड्यांना सक्तीची झाली 2021 मध्ये.

काकांनी पुढचा कप्पा रिकामा केला : आईचा स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, गाडीची कागदपत्रं. कप्पा काढला, मागं हात घातला आणि पिवळा प्लग सोडवला. त्याजागी स्वतः बनवलेलं एक जुगाड लावलं. भंगारातल्या एअरबॅगची शेपटी आणि तिच्या टोकाला दोन ओहमचा रेझिस्टर. “बॅगेच्या तारेचा रोध साधारण एवढाच असतोय. गाडीला वाटंल बॅगच हाय.”

बॅटरी जोडली, नोंद पुसली, चावी फिरवली. सहा सेकंद. दिवा विझला.

“म्हणजे बॅगच गेली,” मी सुस्कारा सोडला.

काका बोलले नाहीत. पुन्हा निगेटिव्ह काढली, पुन्हा थांबले, खरी बॅग जोडली, चावी फिरवली. दिवा विझला!

वायर चांगली, बॅगही चांगली. मग दुपारपर्यंत दिवा कशानं पेटला होता? काका मघाच्या प्लगकडं बघत राहिले. “ह्याला खटका असतोय. दाबल्याबिगर सुटत न्हाई. मगाशी मी ओढला आन् नुसता हातात आला.” मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, “परत इचारतो. डॅशबोर्ड कुणी खोलला होता?”

आणि मला मे महिना आठवला. एसीचा फिल्टर. व्हिडिओ बघून मीच कप्पा काढला होता. एक पिवळा प्लग आडवा येत होता, तो सोडवला, काम झाल्यावर दाबून बसवला. बसला असं वाटलं.

“आवाज आला होता का? टक्?”

आवाजाकडं माझं लक्षच नव्हतं.

त्यांनी भंगारातला प्लग उलटा करून दाखवला. आत धातूची एक लवचीक पट्टी होती. प्लग सुटा असताना ती दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवते, म्हणजे चुकूनमाकून वीज पोचली तरी बॅग फुटत नाही. समोरचा प्लग पूर्ण आत गेला की त्याचं प्लॅस्टिक ही पट्टी बाजूला सारतं. माझा प्लग अर्ध्यातच अडकला होता. पट्टी कधी सुटायची, कधी टेकायची. टेकली की रोध जवळजवळ शून्य.

“पण घाटातच का?”

काकांनी खऱ्या बॅगेऐवजी पुन्हा रेझिस्टरची शेपटी लावली, पण मुद्दाम अर्धवट. कप्पा बसवून बंद केला. दिवा लागला नाही. मग त्यांनी आईकडं हात केला. “आई, तुमचा डबा द्या जरा.”

डबा आत ठेवला, वर बाटली कोंबली आणि कप्पा दाबून लावला. कप्प्याची पाठ मागच्या वायरींवर रेटली. चावी फिरवली. सहा सेकंद, सात, आठ. लाल माणूस तसाच बसलेला.

कऱ्हाडात आम्ही डबा घेऊन कशाला फिरू? दशम्यांचा डबा निघायचा तो फक्त चिपळूणला जाताना. आणि आईचा हात मागं वळत नाही, म्हणून तो पुढच्या कप्प्यात.

“ह्या वेळी धडक झाली असती, तर?” मी विचारलं.

“हुकूम सुटला असता. पण सगळी वीज ह्या पट्टीतनंच माघारी.”

आई डब्याचं झाकण पुसत होती. तीन महिने मी तिला त्या सीटवर बसवून घाट चढत-उतरत होतो.

काकांनी शेवटचा प्लग मला बसवायला लावला. अंगठा दुखेपर्यंत दाबला. टक्.

पुढच्या फेरीला डबा डिकीत होता. घाटात एका वळणावर म्हैस आडवी आली, मी करकचून ब्रेक लावला. मीटर काळाकुट्ट होता, पट्टा घट्ट होता, सगळं जागच्या जागी होतं. तरी माझा डावा हात आईच्या पुढं गेलेला होता.