ब्रिंदिसीचा धक्का, जबलपूरचा फलाट

जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र दूरच. मुंबईला जायचं तर रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. गावाचं पाणी म्हणजे नर्मदेचं, आणि परगावच्या पाहुण्याला दाखवायचं ते भेडाघाट, धुवांधार आणि संगमरवरी कडे. अशा या मध्यदेशीच्या गावाचा इटलीच्या टाचेवरल्या एका प्राचीन बंदराशी चाळीस वर्षांहून अधिक काळ, दर आठवड्याला, न चुकता व्यवहार होता. त्या बंदराचं नाव ब्रिंदिसी. हा व्यवहार ज्या यंत्रणेने घडवला तिला आपल्याकडे विलायती डाक म्हणत, आणि तिच्या इतिहासात लंडन, मुंबई, कलकत्ता ही टोकांची नावंच पुन्हा पुन्हा येतात. मला मात्र तिचे सांधे जास्त मोलाचे वाटतात. डाक एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथेच ती रखडते किंवा वेळ सांभाळते.

आधी जबलपूरचा सांधा. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. पुढे थळ घाट चढून जी.आय.पी. रेल्वे भुसावळकडे गेली. पूर्वेकडून ईस्ट इंडियन रेल्वे गंगेच्या खोऱ्यातून अलाहाबादपर्यंत आली आणि तिथून तिने दक्षिणेला फाटा काढला. तो १८६७ साली जबलपूरला पोचला. त्याच वर्षी जी.आय.पी.ची दुसरी शाखा नागपूरला टेकली. म्हणजे मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी, जबलपूरहून कलकत्त्यापर्यंत गाडी, आणि मध्ये शिवनीच्या जंगलातून जाणारा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांना जोडणारी ही जुनीच वाट. यात्रेकरू, लमाण, फौजा, सगळे याच वाटेने गेले. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात जबलपूर आलं ते १७९८ च्या सुमारास, आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेलं. त्या दोन दशकांत नागपूरचे कारकून आणि शिपाई याच घाटांतून वर येत. १८६७ नंतर याच रस्त्याने घोडे बदलत डाकगाड्या धावू लागल्या. घाईचा प्रवासी आगगाडीतून उतरून या गाडीत बसे, हाडं खिळखिळी करून घेई आणि पुन्हा आगगाडीत चढे.

ही फट बुजली मार्च १८७० मध्ये. भुसावळहून खांडवा, इटारसी, पिपरिया, नरसिंहपूर असा नर्मदेच्या खोऱ्यातून आलेला मार्ग जबलपूरला मिळाला. समारंभासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ एडिंबरो आले. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत रूळ सलग झाले आणि सांधा पडला जबलपुरात.

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा’ या कादंबरीतला हिशेब याच बातमीवर उभा आहे. लंडनहून माँ सेनीच्या बोगद्यातून ब्रिंदिसी आणि पुढे सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा, मुंबई ते कलकत्ता तीन. व्हर्नने कथेसाठी अलाहाबादच्या अलीकडे रूळ अपुरे ठेवले आणि नायकाला हत्तीवर बसवलं. कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः छापली जाऊ लागली तेव्हा खरी फट बुजून दोन वर्षं झाली होती. तो हत्ती मराठी मुलांच्याही आवडीचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या जागी खरोखर काय होतं हेही मुलांना सांगायला हवं. शिवनीचा रस्ता होता, थकलेले घोडे होते, आणि डाकेचे थैले पाठीवर चढवणारी माणसं होती.

दोन्ही कंपन्यांचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, त्यामुळे डबे पलीकडे जाऊ शकत. तरी जबलपूरला एका कंपनीची हद्द संपे आणि दुसरीची सुरू होई. इथे इंजिन कोणाचं, माणसं कोणाची, हिशेब कोणाच्या वहीत, या प्रत्येक गोष्टीला सीमा होती. वेळेचाही घोळ होता. मुंबईचं घड्याळ वेगळं, कलकत्त्याचं वेगळं. रेल्वेने तोडगा म्हणून मद्रासची वेळ धरली, आणि देशाला एक प्रमाणवेळ मिळाली ती थेट १९०६ साली. अशा काळात विलायती डाक फलाटावर आली की ती मागे राहता कामा नये, हा दंडक पाळणं ही साधी कामगिरी नव्हती. थैला मोजून घेणं, लाखेची मोहोर शाबूत आहे ना ते पाहणं, यादीवर सही करणं, पुढे देणं. ही कामं करणाऱ्यांची नावं कुठल्याही समारंभाच्या वृत्तांतात सापडत नाहीत.

थैल्यांची लावालाव मुंबईच्या धक्क्यावर सुरू होत नसे, तर समुद्रातच. १८६८ पासून पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर टपालखात्याचं तरंगतं कार्यालय असे. एडन आणि मुंबई यांच्यामधल्या प्रवासात सॉर्टर मंडळी पत्रं शहरवार लावत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, जहाज डोलतंय, दिव्याचा उजेड अपुरा, आणि हातात हजारो पत्ते. जहाज मुंबईला लागेपर्यंत कुठला थैला कुठल्या गाडीत जायचा हे ठरलेलं असे. आपल्या टपालखात्यातल्या माणसांनी केलेल्या कामांत मला हे सर्वांत कौतुकाचं वाटतं. चालत्या गाडीत पत्रं लावण्याची पद्धतही इथे लवकर रुजली. अलाहाबाद आणि कानपूर यांच्यामध्ये तिचा प्रयोग १८६३ सालीच झाला होता. त्याच परंपरेला पुढे आर.एम.एस., म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, हे नाव मिळालं.

आता दुसरा सांधा. विलायती डाक आधी फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून येई. १८७० च्या उन्हाळ्यात फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं, फ्रान्सच्या रेल्वेचा भरवसा उरला नाही आणि डाक इटलीतून वळवावी लागली. पुढच्या वर्षी आल्प्सखालचा माँ सेनीचा बोगदा खुला झाला आणि ब्रिंदिसीचं नाव पक्कं झालं. इटलीच्या किनाऱ्याने गाडी जितकी दक्षिणेला जाईल तितका समुद्रप्रवास कमी, आणि तेव्हा गाडी जहाजापेक्षा पुष्कळ वेगवान. एवढं साधं गणित. ब्रिंदिसीहून जहाजाने अलेक्झांड्रिया, तिथून इजिप्तच्या रेल्वेने सुएझ, आणि सुएझहून दुसरं जहाज मुंबईला. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्येच सुरू झाला होता, तरी पत्रं १८८८ पर्यंत वाळवंटातून गाडीनेच जात राहिली. कालव्यात जहाजांना रात्री थांबावं लागे. विजेच्या दिव्यांवर रात्री जाण्याची मुभा १८८७ च्या सुमारास आली. मग डाक जहाजातूनच कालवा ओलांडू लागली. १८९८ साली पी. अँड ओ.ने ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ ही दोन छोटी, चपळ जहाजं खास ब्रिंदिसी ते पोर्ट सैद या टप्प्यासाठी आणली. शुक्रवारी रात्री लंडन सोडलेली डाक रविवारी ब्रिंदिसीच्या धक्क्यावर असे, आणि दोन आठवड्यांच्या आत मुंबईत.

या माहितीच्या ओढीने मी ब्रिंदिसीला गेलो. बारीहून गाडीने तासाभराचा प्रवास, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आणि तांबडी माती. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्ता बंदराकडे जातो. चालत पंधरा-वीस मिनिटं. बंदर समोर येतं तेव्हा आधी कळत नाही की हा समुद्र आहे. जमिनीत दोन फाटे घुसलेलं शांत पाणी दिसतं. या दोन फाट्यांमुळे गावाला हरणाच्या शिंगांवरून नाव पडलं असं मानतात. बाहेर एड्रियाटिक समुद्र, म्हणजे भूमध्याचाच हात, कितीही खवळला तरी आतलं पाणी स्थिर. दोन हजार वर्षं आरमारं आणि व्यापारी इथे का येत राहिले ते या पाण्याकडे पाहून समजतं.

धक्क्यावरून रुंद पायऱ्या वर चढतात आणि वर रोमन काळातला संगमरवरी खांब उभा आहे, एकोणीस मीटरच्या आसपास उंच. मुळात दोन होते. एक सोळाव्या शतकात कोसळला, त्याचा आता फक्त चौथरा आहे. रोमहून निघालेला आप्पिया मार्ग इथे संपे. रोमचा शिपाई पूर्वेला लढायला निघाला की इथवर पायी येई आणि इथून जहाजात बसे. महाकवी व्हर्जिल ग्रीसहून परतताना आजारी पडला आणि इसवी सनापूर्वी १९ साली याच गावात वारला. पायऱ्यांजवळच्या एका घरावर तशी पाटी आहे. पुढे धर्मयुद्धांतले योद्धे इथूनच गेले, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने किल्ला बांधला. मधल्या काळात बंदराचं तोंड गाळाने भरलं, गाव तापाने खंगलं, आणि अठराव्या शतकात नवा कालवा खणून पाण्याला वाट दिली तेव्हा ते पुन्हा जगलं.

विलायती डाकेच्या खुणा शोधायच्या तर धक्क्यालगत चालावं लागतं. १८७० च्या आगेमागे इथे प्रवाशांसाठी मोठं हॉटेल उभं राहिलं, पुढे ‘इंटरनॅशनल’ म्हणून ओळखलं गेलेलं. ते अजून आहे, पाण्याकडे तोंड करून. त्याच्या पुढ्यात गाडी येऊन थांबे आणि काही पावलांवर जहाज. ते रूळ आता उरलेले नाहीत. तिथे लोक संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन फिरतात. इटालियन भाषेत या डाकेला ‘हिंदुस्थानची थैली’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि गावाच्या इतिहासात त्या चार दशकांना मानाचं पान आहे. जेवायला बाकल्याच्या डाळीचं मऊ वरण आणि त्यावर परतलेली कडवट पालेभाजी मिळाली. शाकाहारी मराठी माणसाने निर्धास्त मागवावी.

धक्क्यावर उभं राहून मला आठवले ते गांधीजी. १९३१ च्या डिसेंबरमध्ये गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतताना ते इथेच ‘पिल्सना’ जहाजावर चढले. तोवर डाकेचा मार्ग बदलला होता. १९१४ च्या महायुद्धाने ब्रिंदिसीची साखळी तुटली आणि युद्धानंतर डाक मार्सेयमार्गे जाऊ लागली. त्याच मार्सेयच्या बंदरात ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली होती. भूमध्याच्या या किनाऱ्याला आपण बहुधा अशा एकेका प्रसंगातून ओळखतो. त्या प्रसंगांमागे दर आठवड्याची बोट होती आणि ठरलेलं वेळापत्रक होतं, म्हणून हे प्रवास घडले.

जबलपूरलाही असा एक प्रसंग आहे. सुभाषचंद्र बोस १९३२ मध्ये आधी शिवनीच्या आणि मग जबलपूरच्या तुरुंगात होते. प्रकृती फार ढासळली तेव्हा सरकारने उपचारासाठी परदेशी जायची परवानगी दिली. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांना जबलपूरहून मुंबईला नेऊन ‘गांगे’ या इटालियन जहाजावर सोडलं, आणि ते व्हेनिसला उतरले. जबलपूरचा फलाट, मुंबईचा धक्का, एड्रियाटिकचं बंदर, क्रम तोच. सहा वर्षांनी तेच सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून जबलपूरजवळच्या त्रिपुरीला आले.

जबलपूरच्या सांध्याचं महत्त्व मात्र त्याआधीच कमी झालं होतं. बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून थेट हावड्याचा रस्ता १९०० च्या सुमारास पूर्ण केला, आणि तो सुमारे दोनशे किलोमीटरने जवळचा. तरी गाव मागे पडलं नाही. तोफगाड्यांचा कारखाना आला, छावणी वाढली, १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय इथे आलं आणि नागपूरची काही मराठी वकीलमंडळी त्याच्यामागून आली. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे आहे. रेल्वेचं गाव म्हणून जबलपूरची जी ओळख आहे तिची सुरुवात १८७० च्या त्या सांध्यात आहे, आणि स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ती ठळक अक्षरांत वाचायला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

हल्ली दक्षिण इटलीला जाणारे मराठी पर्यटक वाढले आहेत. ते बारीला उतरतात, अल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची घरं पाहतात आणि परततात. त्यांनी एक दिवस ब्रिंदिसीला द्यावा. जुलै २०२४ मध्ये आप्पिया मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे रोमन खांबापाशी आता गर्दी असते. खांब पाहून झाला की पायऱ्या उतरून उजव्या हाताला, पाण्याच्या कडेने, त्या जुन्या हॉटेलापर्यंत चालत जावं. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीला विलायतेहून आलेली कितीतरी पत्रं त्या जागेवरून गेलेली आहेत.