बॅटरी लावणारा आधी दिसतो

नळदुर्ग किल्ल्याचा उपळी बुरूज टेहळणीसाठी बांधलेला. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजेने इथला बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, तेव्हा सगळं मोल वेगाचं होतं. आज अशी फौज निघाली, तर पहिली चकमक पुलाच्या कितीतरी अलीकडे, रेडिओलहरींवर झडेल. हेच इलेक्ट्रॉनिक युद्ध.

त्याचं सूत्र रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला ठाऊक असतं. बॅटरी मारली की आपल्याला पुढचा बांध तेवढा दिसतो; पण ती बॅटरी मात्र पार शेजारच्या शिवारातून दिसते. रडारचंही तसंच. लहर जाते, विमानावर आपटून परतते. अंतर दुप्पट झालं की विमानापर्यंत तिची चौथाई ताकद पोचते, परतीला सोळावा हिस्साच उरतो. म्हणून विमानातलं नुसतं कान देऊन बसलेलं यंत्र रडारच्या आधी सावध होतं.

ऐकून झालं की गोंगाट, म्हणजे जॅमिंग. जॅमर बोलणाऱ्याचं तोंड दाबत नाही, ऐकणाऱ्याचा कान भरतो. तुळजापुरात नवरात्राच्या गर्दीत आईची हाक तेवढीच मोठी असते, पण पोराच्या कानाशी संबळ वाजत असेल तर ती पोचत नाही. जीपीएसची हाक तर सुमारे २० हजार किलोमीटरवरून येते. जवळचा छोटासा जॅमरही तिला बुडवतो. मग सोयाबीनवर फवारणारा असो की लढाईतला, ड्रोन जागेचा अंदाज हरवतो. त्याहून वाईट खोटी हाक: ड्रोन भलतीकडेच जातो, आणि त्याला शंकाही येत नाही.

पण गोंगाट करणारा स्वतःही उघडा पडतो. त्याच्याच लहरींचा माग काढत येणारी क्षेपणास्त्रं आहेत. शिवाय आपलेच वायरलेस बहिरे होतात. मला हीच सर्वांत अवघड अडचण वाटते. जॅमिंगवर तोडगा म्हणून वायरलेस ठरलेल्या गुप्त क्रमाने सेकंदात अनेकदा फ्रीक्वेन्सी बदलतात. आपल्या सेनेकडे ‘संयुक्ता’, ‘हिमशक्ती’ या यंत्रणा आहेत. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोन आले, तेव्हा तोफांच्या जोडीला जॅमिंगही वापरलं गेलं.

युक्रेनमध्ये आता काही ड्रोनच मुके झालेत. रीळ उलगडत, केसाएवढी काचतंतूची दोरी मागे सोडत ते उडतात. लहरच नाही, तर जॅमर काय बुडवणार? म्हणून तिथे रस्त्यांवर आता ड्रोन अडवायला मासेमारीची जाळी ताणतात, आणि शेतांत त्या दोऱ्यांचा गुंता पडलेला असतो.