लाखेतला सूर, आकड्यांतला सूर

जळगावात तयार होणारे पीव्हीसी पाइप शेताशेतांत पाणी नेतात. एलपी रेकॉर्ड त्याच पीव्हीसीच्या जातकुळीतली! तिच्याआधीची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी तर लाखेची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किड्यांनी सोडलेली राळ. म्हणजे सातपुड्यात फुलणाऱ्या पळसाचं आणि घरातल्या ग्रामोफोनचं जवळचं नातं आहे.

या तबकड्यांवरचा एकच आवाज घेऊ, बालगंधर्वांचा. लहानपणी शिक्षणासाठी ते जळगावात राहिले होते आणि मेहबूब खाँ यांच्याकडून गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच घेतले. रंगमंचावर ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ घेत रंगणारं त्यांचं पद दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांत बसवावं लागे. तोच आवाज पुढे एलपी, कॅसेट, सीडी करत मोबाइलपर्यंत आला. या प्रवासात त्याचं नेमकं काय झालं?

आवाज म्हणजे हवेची थरथर. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा, त्या आवाजाच्या जोरानेच सुई हलायची आणि मेणात नागमोडी खाच कोरली जायची. घरी चावी दिली की पिन त्याच वळणांवरून धावे आणि कर्ण्यातून गाणं बाहेर पडे. विजेचा कुठेच संबंध नाही. हे ॲनालॉग: हवा जशी हलली, तशीच खाच वळली.

ती खाच जवळून पाहण्यासारखी आहे. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. तिच्यावर घासून पोलादी पिन खाचेच्या आकाराची होई, म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची. जुन्या तबकडीची ओळखीची खरखर बरीचशी त्या भुकटीचीच. एलपीत खाच केसाइतकी बारीक झाली. एका बाजूची उलगडली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. स्टिरिओ एलपीत तर खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा, आणि दोन्ही वाचणारी सुई एकच!

१९८२ साली सीडी बाजारात आली आणि खाचेची जागा आकड्यांनी घेतली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजायची आणि दर वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी जवळची पायरी नोंदवायची. इथे अनेकांना वाटतं, की दोन मोजमापांमधला सूर हरवला. डिजिटल म्हणजे तुकडे, ॲनालॉग म्हणजे सलग. पण तसं होत नाही. शाळेतली भूमिती आठवा: एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले, की त्यांतून जाणारं वर्तुळ एकच असतं आणि ते पुरतं काढता येतं. तसंच, आवाजातल्या सर्वांत वेगवान थरथरीच्या दुपटीहून अधिक वेळा मोजलं, तर त्या बिंदूंतून जाणारी लहरही एकच असते. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनं ऐकतो. ४४,१०० हा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा. म्हणून लहर सलगच परत येते. पायऱ्यांमुळे उरते ती अगदी मंद सळसळ, एलपीच्या खरखरीहून कितीतरी कमी.

मग एलपीची ऊब खोटी का? मुळीच नाही. पण ती सुई, खाच आणि ॲम्प्लिफायरने घातलेली भर आहे. आणि कर्ण्याने जे टिपलंच नाही, ते कोणतीही सीडी परत आणू शकत नाही. खरी काटछाट होते ती एमपीथ्रीत. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला कळत नाहीत, हे हेरून ते टाकून दिले जातात. १२८ केबीपीएसची फाइल सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्शाची उरते.

माझ्या मते ॲनालॉग आणि डिजिटल या दोहोंतला मोठा फरक म्हातारपणाचा आहे. तबकडी प्रत्येक ऐकण्यागणिक झिजते, पण हळूहळू. चरे पडले तरी गाणं ओळखू येतं. कॅसेटच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात. गुंडाळलेल्या थरांचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, म्हणून कधी गाणं सुरू होण्याआधीच त्याचा पुसट भास ऐकू येतो! आकडे मात्र झिजत नाहीत. हजारावी प्रत पहिल्यासारखीच. पण हार्ड डिस्क बिघडली, की सगळंच एका क्षणात जातं.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याच्या घरांतल्या माळ्यावर कॅसेट ठेवल्या असतील, तर त्या आधी खाली काढा. बालगंधर्वांची पदं जगात अनेकांकडे आहेत. पण आजीने अहिराणीत म्हटलेली कानबाई देवीची गाणी कुणी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली असतील, तर ती एकाच फितीवर असायची. ती कॉम्प्युटरवर एमपीथ्रीत नको, काटछाट न करणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये घ्या. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा आणि मूळ कॅसेटही टाकू नका. फितीने आवाज आजवर सांभाळला. आता त्याच्या हव्या तितक्या प्रती करून घराघरांत वाटण्याचं काम आकडेच करू शकतात.