भाताच्या यादीत नसलेलं जनुक

डहाणू-तलासरीच्या खाचरांत जुलैमध्ये आवणी चालते. शिफारशीप्रमाणे 20 बाय 15 सेंटिमीटरवर चूड लावला, तर एका गुंठ्यात सव्वातीन हजारांहून जास्त चूड बसतात. चुडाला दोन-तीन रोपं धरली की गुंठ्याला सात ते दहा हजार रोपं. इथवर तोंडी हिशेब जमतो.

आता त्यातल्या एका रोपाची एक पेशी घ्या. तिच्यात डीएनएचे दोन संच असतात आणि एका संचात सुमारे 38 कोटी 90 लाख अक्षरं. पानाला 2,000 अक्षरं धरून छापायला बसलं, तर 500 पानांचे 389 ग्रंथ होतील. दोन्ही संच सरळ ताणले तर लांबी 26 सेंटिमीटर भरते, म्हणजे दोन चुडांमधल्या अंतराहूनही जास्त! एवढा ऐवज मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून लहान केंद्रकात घडी घालून बसलेला असतो.

आंतरराष्ट्रीय गटाने 2005 मध्ये हा संच वाचून प्रसिद्ध केला. अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारताचा वाटा होता. त्यातून केलेल्या यादीत 37,544 जनुकं निघाली. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं 20 हजारांच्या आसपास. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नागली भातालाही मागे टाकते: 2017 मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तिच्यात 85 हजारांहून जास्त जनुकं मोजली. तिच्या पोटात दोन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र नांदतात, म्हणून हा आकडा फुगलेला. पण भाताकडेही माणसाहून जास्त जनुकं का? ऊन तापलं की आपण सावलीला सरकतो, भाताला पाय नाहीत. जागेवर उभं राहून सगळं सोसायचं तर शिदोरी मोठीच हवी.

पावसाने ओढ दिली, खाजणात खारं पाणी शिरलं, खाचर बुडालं, की या शिदोरीतली खास कुटुंबं कामाला लागतात. त्यांचं काम इतर जनुकांना चालू-बंद करण्याचं. भातात ‘नॅक’ कुटुंबात दीडशेच्या आसपास जनुकं आहेत, ‘वर्की’मध्ये शंभरावर, ‘एपी-टू/ईआरएफ’मध्ये पुन्हा दीडशेच्या वर. ‘बीझिप’ची 89 जनुकं दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये मोजली. चार घरांत मिळून जवळपास पाचशे मुकादम! त्यातले कित्येक एकाच मूळ जनुकाच्या नकला होऊन, पुढे वेगळ्या वाटेला लागलेले. म्हणून ‘दुष्काळाचं जनुक सापडलं’ अशी बातमी आली की मी जरा सावध होतो. कुठल्या कुटुंबातलं आणि कितवं, हे आधी विचारावं.

कारण भाऊबंद किती उलट वागू शकतात हे ईआरएफ कुटुंबातच दिसतं. भात बुडाला की त्याच्या अंगात इथिलीन वायू साठतो. खोल पाण्यातल्या भातात हा इशारा मिळताच ‘स्नॉर्केल’ नावाची दोन जनुकं जागी होतात आणि रोप दिवसाला 25 सेंटिमीटरपर्यंत वाढून डोकं पाण्याबाहेर काढतं. त्याच कुटुंबातलं ‘सब-वन-ए’ बरोबर उलटं करतं: वाढ थांबव, साखर जपून वापर, पाणी ओसरेपर्यंत पडून राहा. असं रोप दोन आठवडे बुडूनही पुन्हा फुटतं. पाणी आठवडाभरात ओसरणार असेल तर दुसरी युक्ती कामाची, महिनोन्‌महिने साचणार असेल तर पहिली.

‘सब-वन-ए’ सापडलं ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या वाणातून निवडलेल्या ‘एफआर-13-ए’ या भातात. 2006 मध्ये त्याची ओळख पटली आणि 2009 मध्ये ते जनुक असलेला ‘स्वर्णा-सब-1’ हा वाण भारतात शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. गंमत अशी, की 2005 मध्ये वाचलेला भात होता जपानचा ‘निप्पोनबारे’, आणि त्याच्याकडे हे जनुक मुळातच नाही. त्या 37,544 च्या यादीत कितीही शोधलं असतं तरी ते मिळालं नसतं. पुढे 2018 मध्ये जगभरच्या 3,010 भातांचे संच ताडून पाहिले, तेव्हा एकेका अक्षराचे फरकच 2 कोटी 90 लाख निघाले.

आपल्या भागातल्या जुन्या गरव्या-हळव्या भातांत काय दडलंय, हे वाण जिवंत असले तरच तपासता येईल. घरी कणगीत असं बियाणं असेल, तर मूठभर घेऊन कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाची नोंद शेतकऱ्याच्याच नावावर होऊ शकते.