मोबाईलमधली नवी वेठबिगारी

जयंतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. भाईंदर स्टेशनबाहेरच्या टपरीवर आम्ही चार-पाच कार्यकर्ते चहा घेत बसलो होतो. मिरवणूक शांततेत पार पडली म्हणून सगळे खुशीत होते. इतक्यात एकाच्या मोबाईलवर क्लिप आली. अंगावर बेताचेच कपडे असलेली एक बाई नाचत होती. कोपऱ्यात जिथे तिच्या पानाचं नाव असावं, तिथे काळा पट्टा मारलेला आणि त्यावर भलत्याच चॅनेलचं नाव. क्लिप बघता बघता पाचव्या मोबाईलवर पोचली. शेवटी जो पाहत होता तो म्हणाला, "असल्या बायकांना कसली आलीय लाज!" मी विचारलं, "ही बाई कोण? तिने हे फुकट वाटायला दिलं होतं का?" कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

आज अनेक बायका, आणि पुरुषही, कुठल्याही मालकाशिवाय, स्वतःच्या मोबाईलवर प्रौढांसाठीचे व्हिडिओ बनवतात आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकालाच दाखवतात. ते काम चांगलं की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण श्रम तिचे, शरीर तिचं, बदनामीची जोखीमही तिचीच. मग ते उचलून, नाव पुसून, गावभर वाटण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

बंधू-भगिनींनो, हा प्रकार आपल्याला नवा नाही. आपल्या आजा-पणजाने तो भोगला आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामं करायची, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व बलुत्यावर समाधान मानायचं. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली. वेठ म्हणजे तरी काय? काम करून घ्यायचं, योग्य मोबदला द्यायचा नाही, काम करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि वर त्यालाच हलकं समजायचं. टपरीवरच्या त्या क्लिपला ही चारही लक्षणं लागू पडतात. कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी नसेल, पण वृत्ती तीच आहे.

हा विषय मीरा-भाईंदरकराने तरी परका मानू नये. काशिमिऱ्याच्या हायवेलगतचे बार आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्सबार बंद केले. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीमुळे रोजगार गेलेल्या कित्येक बायका वेश्याव्यवसायाकडे ढकलल्या गेल्या, याची नोंद या न्यायालयाने घेतली. सरकारने २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये नवा कायदा केला. त्या कायद्याच्या नावात 'स्त्रियांची प्रतिष्ठा' होती आणि अटींमध्ये नाचाच्या जागी सीसीटीव्ही कॅमेरा! जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅमेऱ्याची अट रद्द केली, कारण ती खासगीपणाच्या हक्काच्या आड येत होती. म्हणजे नाचणाऱ्या बाईलाही खासगीपण असतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पटलं. ते गिऱ्हाईकाच्या खिशातल्या मोबाईलला मात्र अजून पटलेलं नाही.

या बारमध्ये नाचणाऱ्यांत बेडिया, नट, कंजर, भाटू अशा, पिढ्यान्पिढ्या नाचावर जगायला लावलेल्या जमातींच्या बायका मोठ्या संख्येने होत्या. ज्या व्यवस्थेने त्यांना शिक्षण दिलं नाही, जमीन दिली नाही, तिने नाच तेवढा दिला आणि नाचल्याबद्दल कलंकही दिला. बारवर छापा पडतो तेव्हाचं चित्र आठवा. ओढणीने तोंड झाकलेल्या बायका एका रांगेत, समोर कॅमेरे. बारचा मालक त्या चित्रात किती वेळा दिसतो?

महाराष्ट्राच्या तमाशाचा इतिहासही हेच सांगतो. पठ्ठे बापूराव म्हटलं की लोक आदराने मान डोलावतात. ते जन्माने कुलकर्णी, लावण्या लिहिणारे शाहीर. पण ज्या पवळाने ती लावणी फडात उभी केली, ती महार समाजातली पवळा त्यांच्या कथेतली 'नायिका' म्हणूनच उरली. तिच्या कलेचा स्वतंत्र हिशेब कुणी ठेवला? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तमाशासम्राज्ञी म्हणवल्या गेल्या, पण २००२ मध्ये त्यांचं निधन झालं ते हलाखीत. आज सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. लावणी वाड्या-वस्तीवरून शहरातल्या तिकिटाच्या थिएटरात आणि सिनेमात गेली, तेव्हा पैसा आणि प्रतिष्ठा वरच्यांकडे गेली; कलंक तेवढा मूळ नाचणारीकडे राहिला. शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या माणुसकीचा प्रश्न ऐरणीवर आणला.

आता आपल्यातलाच कुणी विचारील, "अहो, बाबासाहेबांनी तर असल्या धंद्यांचा धिक्कार केला होता. तुम्ही त्याचा कैवार कसा घेता?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणींपुढे बोलताना बाबासाहेबांनी हे जिणं सोडून देण्याचं कठोर आवाहन केलं होतं. २००५ च्या बंदीच्या वेळीही आपल्या चळवळीतल्या काहीजणींनी बंदीला पाठिंबा दिला, तो जातीने लादलेला धंदा संपावा म्हणून. त्या भूमिकेचा मी आदर करतो.

पण दुसरी गोष्टही लक्षात घ्या. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारलं. आपल्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना चळवळीसाठीसुद्धा नको होता. चळवळ पैशाला महाग असतानाची ही गोष्ट आहे! आणि आपण? आपण तिचा नाच घेतो, तिला एक पैसाही देत नाही आणि वर बाबासाहेबांचं नाव घेऊन तिलाच शिव्या घालतो. ज्याला हे काम अमान्य आहे त्याने ते पाहू नये, पुढे तर मुळीच पाठवू नये. पाहायचं, वाटायचं आणि धिक्कारही करायचा, हा ढोंगीपणा आंबेडकरवादात बसत नाही.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि त्याच्या व्याख्येत नर्तक स्पष्टपणे आहे. २०१२ मध्ये कलम ३८ ब आलं. कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी, असा दावा करण्याचा हक्क त्याने दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणखी पुढे जातं. स्त्रीने चित्रीकरणाला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखवायला दिली नसली, तरी ते पसरवणं गुन्हा आहे. मग ती तक्रार का करत नाही? कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अ. उघड लैंगिक मजकूर प्रसारित करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. चोरीची फिर्याद द्यायला गेलेली बाई स्वतःच आरोपी व्हायची! चोराला हे पक्कं ठाऊक असतं. पण 'फॉरवर्ड' करणाऱ्याला मात्र हे ठाऊक नसतं की तेच कलम त्यालाही लागतं.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. नाव देणं म्हणजे तिचं खरं नाव, गाव, जात शोधून चव्हाट्यावर आणणं नव्हे. ज्या नावाने ती काम करते तेच तिचं नाव. घरचं नाव उघड करायचं की नाही, हे ती ठरवील. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबाबत हेच सांगितलं. छाप्याच्या आणि सुटकेच्या वेळी त्यांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, आणि वृत्तवाहिन्यांनी त्यांची चित्रं दाखवू नयेत. आणि जिथे कॅमेरा चोरून लावलेला असतो किंवा बाईला धमकावून नाचवलेलं असतं, तिथे श्रेय-मोबदल्याचा प्रश्नच नाही. तिथे ती क्लिप पुढे न पाठवता पोलिसांत जाणं हे कर्तव्य आहे.

तेव्हा निदान आपल्या विहारांच्या, मंडळांच्या, जयंती समित्यांच्या ग्रुपवर एक नियम करू या. अशी क्लिप आली तर ग्रुपप्रमुखाने ती काढून टाकावी आणि टाकणाऱ्याला जाब विचारावा. प्रौढ माणसाला पाहायचंच असेल तर त्याने जिचं काम आहे तिच्याकडून, ती मागते ते दाम मोजून पाहावं. आणि काम आवडो न आवडो, तिच्याविषयी बोलताना 'असल्या बायका' हा शब्द तोंडातून काढून टाकावा.

त्या दिवशी टपरीवर थोडी वादावादी झाली. शेवटी ज्याने क्लिप आणली होती त्याने ती पुसून टाकली. बाकीच्या चौघांच्या मोबाईलवर ती अजून आहे की नाही, मला माहीत नाही. पण वेठ आमच्या बापजाद्यांनी नाकारली ती फक्त स्वतःपुरती नव्हती, एवढं त्यांना सांगून मी उठलो.

जयभीम!